पंडिता रमाबाई यांची पत्रे व त्यांची राखण

पनवेल तालुक्यातील शिरढोण गावी १८४५ साली वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला, हे आमच्या भागातील शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु त्यांचे आत्मवृत्त व रोजनिशी आज आपणांस वाचावयास कशी मिळते, याचा विचार फारसे कोणी करीत नाही. १८७९ साली ते पकडले गेले. त्यांच्या हातचे लिखाण पोलिसांच्या ताब्यात पडले आणि पुण्याच्या न्यायालयात त्यांच्याच विरुद्ध पुरावा म्हणून पुढे आले. त्याचे इंग्रजी भाषांतर सरकारी दप्तरात राहिले, आणि १९५७ साली मुंबई सरकारने स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासाची साधने प्रसिद्ध केली तेव्हा ते लोकांच्या दृष्टीस आले. ज्या सत्तेविरुद्ध या पुरुषाने शस्त्र उचलले, तिनेच त्याचे अक्षर सांभाळले. आप्तेष्टांच्या घरी वाळवी लागते, पावसात छप्पर गळते, नातवंडे जुने कागद रद्दीत घालतात. विरोधकाच्या घरी मात्र कागद कधी कधी टिकून राहतो.

याच प्रकारचे, परंतु फार निराळ्या भावनेचे, एक उदाहरण ज्युबिलीच्या या स्मरणपुस्तकात वाचकांपुढे मांडावे असे आम्हांस वाटले. ते पंडिता रमाबाई यांच्या पत्रांचे होय. रमाबाई आमच्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या नव्हत्या. त्यांचा स्नानसंस्कार अँग्लिकन सभेत झाला, आणि पुढे त्या कोणत्याच एका पंथाच्या चौकटीत पुरत्या बसल्या नाहीत. तथापि मराठीत लिहिणाऱ्या ख्रिस्ती स्त्रियांत त्यांच्याहून थोर बुद्धीची स्त्री झाली असे आम्हांस वाटत नाही, आणि मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती माणसास त्यांचे नुसते नाव माहीत असावे, लिखाण माहीत नसावे, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे.

त्यांचे पूर्ववृत्त थोडक्यात असे. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. स्त्रियांनी संस्कृत शिकावे असे त्यांचे मत होते, आणि त्यांनी स्वतःच्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, शिकवून ते मत आचरणात आणले. लोकांचा रोष पत्करून ते सह्याद्रीच्या दक्षिण भागातील गंगामूळच्या अरण्यात जाऊन राहिले. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. आईने पहाटे उठवून मुलीस भागवत शिकविले. पुढे सारे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले; पुराणे सांगावीत व मिळेल त्यावर निर्वाह करावा, असा क्रम कित्येक वर्षे चालला. १८७४ च्या सुमारास दुष्काळात वडील गेले, मागोमाग आई गेली, थोरली बहीणही गेली. उरलेली दोघे भावंडे, श्रीनिवास व रमा, पायी देश हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथल्या पंडितांनी परीक्षा घेतली आणि या वीस वर्षांच्या मुलीस 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी जातीचे बंधन न मानता नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८१ साली मनोरमा झाली. १८८२ च्या फेब्रुवारीत पतीस पटकीने नेले.

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या. आर्य महिला समाज स्थापन केला, 'स्त्रीधर्मनीति' हे मराठी पुस्तक लिहिले, आणि हंटर साहेबांच्या शिक्षण आयोगापुढे साक्ष देऊन मुलींस स्त्री शिक्षक व स्त्रियांस स्त्री डॉक्टर हवेत असे स्पष्ट सांगितले. वैद्यकी शिकण्याच्या इच्छेने १८८३ च्या एप्रिल महिन्यात तान्ह्या नव्हे, पण जेमतेम दोन वर्षांच्या मुलीस घेऊन त्या इंग्लंडला निघाल्या. (वासुदेव बळवंत त्याच वर्षी फेब्रुवारीत एडनच्या तुरुंगात निवर्तले होते, आणि इंग्लंडची आगबोट एडनच्या समुद्रातूनच जात असे, इतिहासात अशा वाटा न कळत एकमेकींस छेदून जातात.) प्रवासखर्चास 'स्त्रीधर्मनीति'च्या विक्रीचा मोठा आधार झाला. म्हणजे एका विधवेने स्वतःच्या मराठी लेखणीवर समुद्र ओलांडला! या प्रवासाचे वर्णन त्यांनी प्रार्थनासमाजाचे सदाशिव पांडुरंग केळकर यांस मराठी पत्रात लिहून कळविले, आणि केळकरांनी ते १८८३ सालीच 'इंग्लंडचा प्रवास' म्हणून छापले.

इंग्लंडमध्ये त्या वाँटिज गावी सेंट मेरीच्या धर्मभगिनींच्या मठात उतरल्या. या अँग्लिकन मठाची शाखा पुण्यास पंचहौदाजवळ होती, आणि तेथील भगिनींशी त्यांची ओळख पुण्यातच झाली होती. पुण्यात काम करून प्रकृतीमुळे मायदेशी परतलेल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याकडे त्यांची देखरेख सोपविण्यात आली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाई व मनोरमा यांचा स्नानसंस्कार झाला. सिस्टर जेराल्डीन रमाबाईंच्या धर्ममाता झाल्या, आणि मायलेकी त्यांस 'आजीबाई' म्हणू लागल्या. इंग्लंडातल्या एका व्रतस्थ स्त्रीस महाराष्ट्रातल्या घराघरांतले हे नाव मिळाले, याचे आम्हांस फार कौतुक वाटते.

हे सर्व सुखाने झाले असे मात्र कोणी समजू नये. बरोबर आलेल्या आनंदीबाई भगत या सोबतिणीने स्नानसंस्कारापूर्वीच वाँटिज येथे आत्महत्या केली. परमुलखात, परभाषेत, एका लहान मुलीस घेऊन रमाबाईंनी हा घाव सोसला. कानांनी नीट ऐकू येत नसल्यामुळे वैद्यकी शिकण्याची आशाही सोडावी लागली. १८८४ साली त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या. तेथील मुख्याध्यापिका मिस डोरोथिया बील यांच्या छत्राखाली त्या स्वतः शिकत व संस्कृत शिकवीत. मुलगी बहुधा वाँटिज येथे, आई चेल्टनहॅम येथे. म्हणून पत्रे लिहिणे भाग पडले. आज जो पत्रसंग्रह आपल्या हाती आहे त्याचा गाभा या दोन वर्षांतील आहे.

ही पत्रे इंग्रजीत आहेत. ज्या भाषेत त्यांनी नुकतेच पाऊल टाकले होते, त्याच भाषेत त्या तिच्या धन्यांशी वाद घालीत होत्या. आरंभीची पत्रे अडखळतात. परंतु वर्ष संपण्याच्या आत वाक्य पक्के होते, उपहास साधतो, आणि संस्कृत शास्त्रार्थात घोटलेली बुद्धी इंग्रजी शब्दांतून लखलखू लागते. प्रतिपक्षाचे म्हणणे प्रथम नीट मांडावयाचे, मग त्याचे एकेक अंग घेऊन उत्तर द्यावयाचे, ही पद्धत त्यांनी काही वाँटिजच्या मठात शिकलेली नव्हती. ती अनंतशास्त्र्यांच्या घरची होती.

वादाचे विषय तरी किती! अंडे घातलेला पदार्थ रमाबाई खात नसत. सिस्टर जेराल्डीन यांस त्यात जातीचा जुना अभिमान दिसला, आणि ख्रिस्ती झालेल्या बाईने तो सोडावा असे त्यांनी कळविले. रमाबाईंनी उलट लिहिले की आपण हिंदी आहोत, हिंदी म्हणवून घेणे आपणांस आवडते, आणि वाडवडिलांच्या ज्या चालीरीती नव्या विश्वासास बाधक नाहीत त्या आपण पाळणार. गोष्ट लहान दिसते. परंतु ख्रिस्ती होणे म्हणजे साहेब होणे काय, हा जो प्रश्न आमच्या वाडवडिलांस शंभरदा विचारला गेला, त्याचे उत्तर एका पुडिंगाच्या ताटलीवरून दिले गेले आहे.

दुसरा वाद क्रुसाचा. मठातील भगिनी जो क्रूस धारण करीत त्यावर लॅटिन शब्द कोरलेले असत. रमाबाईंचे म्हणणे असे पडले की हिंदुस्थानातील भगिनींना लॅटिन कळत नाही; मग त्यांच्या क्रुसावर संस्कृत अक्षरे का नसावीत? लॅटिन ही संस्कृताहून अधिक पवित्र आहे असे कोणी ठरविले? हे १८८४–८५ च्या सुमारास लिहिले गेले. आमच्या सभेतील वडीलधाऱ्या मंडळींस या ठिकाणी आपलेच बालपण आठवेल. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत, म्हणजे १९६० नंतरच्या दशकापर्यंत, आपली मिस्सा लॅटिनमध्येच होत असे. उत्तरे पाठ असत, अर्थ पुष्कळांस ठाऊक नसे. मराठी मिस्सा ऐकू येऊ लागली तेव्हा म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांत पाणी आले ते का, हे रमाबाईंचे पत्र वाचल्यावर अधिक समजते. लॅटिनविषयी आमच्या मनात अनादर नाही. परंतु ऐंशी वर्षांनी विश्वव्यापी सभेने जे ओळखले ते या सव्वीस वर्षांच्या नवख्रिस्ती स्त्रीने एका लहानशा क्रुसावरून ओळखले होते, हे नमूद केलेच पाहिजे.

तिसरा व सर्वांत कडवट वाद शिकविण्याचा. मिस बील यांच्या मनात असे आले की रमाबाईंनी तरुण पुरुषांनाही धडे द्यावेत. मुंबईच्या व लाहोरच्या अँग्लिकन बिशपांचा सल्ला घेण्यात आला. दोघांनीही नापसंती कळविली, आणि हिंदुस्थानात याचा परिणाम वाईट होईल असे सांगितले. सिस्टर जेराल्डीन त्यांच्या बाजूस गेल्या. रमाबाईंचा संताप येथे उसळतो, पण तोल जात नाही. माझे वडील ब्राह्मण, शास्त्री; त्यांनी माझ्या आईस वा मला पुरुषांपुढे बोलण्यास मनाई केली नाही, माझ्या पतीने केली नाही, आणि स्वतंत्र म्हणविणाऱ्या इंग्लंडात ती मनाई व्हावी, याचे त्यांस आश्चर्य वाटते. कलकत्त्यापासून पुण्यापर्यंत हजारो पुरुषांच्या सभांतून जिने व्याख्याने दिली होती, तिच्याविषयीचा निर्णय तिला न विचारता दोन बिशप ठरवितात, हे त्यांस सहन झाले नाही. १८८५ च्या मे महिन्यातील एका पत्रात त्या सांगतात की हिंदुस्थानातील पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरविले आहे. ते उतरवून तसलेच दुसरे जू मान पुढे करून घेणे आपल्याच्याने होणार नाही.

धर्मतत्त्वांविषयीही त्यांनी प्रश्न उपस्थित केले. पवित्र त्रैक्याविषयी त्यांच्या ज्या शंका होत्या त्या आम्हांस मान्य होण्याजोग्या नाहीत, हे उघड आहे. परंतु शंका मनात दडपून ओठांनी होकार देणे हे त्यांच्या स्वभावात नव्हते. मिस बील यांनी या शंकांस फार शांतपणे, जणू बरोबरीच्या माणसास लिहावे तशी उत्तरे दिली. सिस्टर जेराल्डीन यांनी आज्ञाधारकपणाचा उपदेश केला. कोणत्या मार्गाने जीव परमेश्वराजवळ जातो हे वाचकांनीच ठरवावे. आम्ही एवढेच म्हणू की मिस बील यांच्या पत्रांना रमाबाई दीर्घ व मनमोकळे उत्तर देतात, उपदेशाच्या पत्रांना थोडके व तिखट.

सर्वच ठिकाणी रमाबाईंचा पक्ष बळकट आहे असे आमचे म्हणणे नाही. कित्येक पत्रे वाचताना वाटते की या आजीबाईंनी अखेर या मायलेकींस घर दिले होते, मनोरमेस न्हाऊ-माखू घातले होते, आणि त्यांच्या काळजीच्या बोलण्यात रमाबाईंस जेवढा हुकूम दिसला तेवढा तो नसावा. मनोरमेच्या धार्मिक शिक्षणावरून जो खटका उडाला त्यात तर दोघीही एकाच लेकरावर माया करीत होत्या. आईचे म्हणणे, न समजणारी तत्त्वे मुलीकडून घोकून घेऊ नयेत. धर्ममातेचे म्हणणे, सभेची शिकवण लहानपणीच पेरावी. आमच्या घरांतूनही हा तंटा अद्याप चालतो.

आता मुख्य गोष्ट. ही सारी पत्रे राखली कोणी? ज्यांच्याविरुद्ध ती लिहिली त्या सिस्टर जेराल्डीन यांनीच! आपणांस दुखविणारे, आपला अधिकार नाकारणारे, आपल्या बिशपांस झिडकारणारे प्रत्येक पत्र त्यांनी जपून ठेवले. आपली स्वतःची उत्तरे ठेवली, मिस बील यांची ठेवली, बिशपांची ठेवली. पुढे त्यांनी हे सर्व क्रमाने लावले आणि मधून मधून स्वतःच्या टिपा लिहिल्या. या टिपा गोड नाहीत. रमाबाईंच्या स्वभावात गर्व आहे, अनुशासन मानण्याची तयारी नाही, असे त्या पुनःपुन्हा सांगतात. परंतु टीप लिहिली म्हणून मूळ पत्र फाडले नाही, की आपणांस अडचणीची वाक्ये गाळून 'सोयीचे' चरित्र रचले नाही. वादात आपली बाजू खरी अशी त्यांची खात्री होती. आणि ती खात्री होती म्हणूनच, आम्हांस वाटते, प्रतिपक्षाचा शब्द पुढच्या माणसांपुढे जसाच्या तसा जाऊ देण्यास त्या भ्याल्या नाहीत. प्रीतीपोटी कागद जाळणारी माणसे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. थोर माणसाच्या निधनानंतर नातलग बसतात व 'हे नको, ते नको' करीत अर्धे आयुष्य चुलीत घालतात. आजीबाईंनी तसे केले असते तर आज आपल्यापुढे एक सोज्वळ, मुकी, तसबिरीतली रमाबाई असती.

१८८६ च्या फेब्रुवारीत रमाबाई अमेरिकेस गेल्या. त्यांच्या नात्यातील आनंदीबाई जोशी ११ मार्च रोजी फिलाडेल्फियास डॉक्टर झाल्या, त्या समारंभास त्या हजर होत्या. १८८७ साली 'द हाय कास्ट हिंदू वुमन' हे इंग्रजी पुस्तक निघाले, बोस्टनला साहाय्यक मंडळ स्थापन झाले, आणि स्वदेशी परतताच ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन उघडले. आरंभीच्या विद्यार्थिनींत कोकणातील एक बालविधवा होती, गोदूबाई. पुढे १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि आनंदीबाई कर्वे म्हणून महाराष्ट्राने त्यांस ओळखले. त्याच १८८९ साली निर्णयसागरात छापलेले 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' बाहेर आले. अमेरिकेतील राज्यकारभार, शाळा, घरे, स्त्रियांच्या संस्था यांचे एवढे साक्षेपी वर्णन तोवर मराठीत कोणी केले नव्हते. तेथील स्त्रियांच्या संघशक्तीचे कौतुक करताना तांबड्या व काळ्या लोकांवर झालेला अन्याय सांगण्यास लेखिका विसरली नाही.

आणि मग मौन. १८९३ साली, सदनातील मुलींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे होतो असा आरोप होऊन गहजब झाला. केसरीने झोड उठविली, रानडे व भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. तेव्हापासून कित्येक वर्षे मराठी ग्रंथकारांनी रमाबाईंचे नाव घेताना आवाज खाली केला. अमेरिकेवरचे ते पुस्तक वाङ्मयाच्या इतिहासात जेथे असावयास हवे होते तेथे दिसेनासे झाले. कागद हरवतात ते केवळ वाळवीने नव्हे.

रमाबाईंनी त्याची खंत करीत वेळ दवडला नाही. १८९६ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो मुली व विधवा वाचविल्या आणि पुण्याच्या पुढे केडगाव येथे 'मुक्ती' उभारली. तेथे छापखाना घातला. खिळे जुळविण्यापासून छापण्यापर्यंतचे काम त्याच स्त्रिया करू लागल्या. स्वतः त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि साध्या बायाबापड्यांस समजेल अशा मराठीत सबंध पवित्र शास्त्राचे भाषांतर करण्यास बसल्या. क्रुसावरच्या लॅटिनला हरकत घेणाऱ्या बाईस हेच काम शोभणारे होते. १९२१ साली मनोरमा आईच्या आधी गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या. संपूर्ण भाषांतर १९२४ साली मुक्तीच्या छापखान्यातूनच बाहेर पडले.

त्यानंतरची हकीकत लहान आहे. लक्ष्मीबाई टिळक यांचे चिरंजीव देवदत्त नारायण टिळक यांनी १९६० साली 'महाराष्ट्राची तेजस्विनी पंडिता रमाबाई' हे मराठी चरित्र लिहिले. सिस्टर जेराल्डीन यांनी लावलेला पत्रसंग्रह १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादकत्वाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. म्हणजे ज्या महाराष्ट्राने त्यांस एकदा पाठ दाखविली होती, त्याच्याच सरकारी मंडळाने त्यांचा शब्द छापला, हेही काही थोडे झाले नाही. डॉ. मीरा कोसंबी यांनी २००० साली रमाबाईंच्या निवडक लेखनाचा इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला, आणि २००३ साली अमेरिकेवरील मराठी पुस्तक इंग्रजीत आणले. केडगावच्या मुक्ती मिशनमध्येही त्यांचे कागद जतन करून ठेवलेले आहेत.

१९७७ च्या त्या ग्रंथात टिपा काढून टाकलेल्या नाहीत, आणि मुखपृष्ठावर संग्राहक म्हणून सिस्टर जेराल्डीन यांचे नाव आहे. आत पत्र येते, मग कोठे त्याखाली मठवासिनीची नाराजीची टीप येते, आणि पान उलटावे तो चेल्टनहॅमहून निघालेले पुढचे पत्र पुन्हा आजीबाईंची प्रकृती विचारू लागते.